मार्गदर्शक उत्तर देत नाहीत, मुख्याध्यापक दाद देत नाहीत

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आली आहेत. बहुतेकांनी ‘नेतृत्वगुण कसे वाढवावेत’ असे विचारले असले, तरी पत्र पुढे वाचत गेल्यावर खरी अडचण कोणाशी तरी नीट बोलणे न झाल्याची आहे असे दिसते. त्यांतील चार पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून अर्धवेळ पीएच.डी. करीत आहे. माझे मार्गदर्शक मुंबईत असतात. पाठवलेल्या प्रकरणावर दोन-दोन महिने अभिप्राय येत नाही आणि फोन केला तर ‘पाहतो’ एवढेच उत्तर मिळते. इतक्या ज्येष्ठ व्यक्तीकडे पुन्हा पुन्हा विचारणा करणे मला उद्धटपणाचे वाटते. मी काय करावे?

उत्तर : प्रथम आपण नेमके काय पाठवले होते ते आठवून पाहा. ‘सर, प्रकरण तीन सोबत जोडले आहे, कृपया पाहावे’ असे लिहून साठ पाने पाठवली असतील, तर आपण सरांकडे काही विचारलेलेच नाही. आपण त्यांच्या टेबलावर फक्त एक गठ्ठा ठेवला आहे. प्राध्यापक पदावरील मार्गदर्शकाकडे नियमानुसार एका वेळी ८ पर्यंत संशोधक असू शकतात. असा गठ्ठा प्रत्येकाकडून आला की तो निवांत वेळेसाठी बाजूला ठेवला जातो, आणि तो निवांत वेळ परीक्षा, उत्तरपत्रिका आणि समित्यांच्या धबडग्यात कधी उगवतच नाही. यात सरांचा दोष नाही असे मी म्हणत नाही, परंतु त्यांच्या स्वभावापेक्षा आपले पत्र बदलणे सोपे आहे.

प्रकरणासोबत अर्ध्या पानाचे टिपण जोडा. मागच्या वेळेपासून काय बदलले, कोणत्या दोन जागी आपण अडला आहात, त्यावर आपले स्वतःचे मत काय आणि ते का, एवढेच त्यात असावे. उदाहरणार्थ, ‘निरीक्षणासाठी १२ शाळा निवडल्या होत्या, त्यांपैकी ३ शाळांची पटसंख्या फार घटल्याने तेथे निरीक्षण शक्य नाही, ९ शाळांवर थांबावे असे माझे मत आहे, कारण उरलेल्या शाळांत किनारपट्टीवरील आणि आतल्या गावांतील शाळांचे प्रमाण आराखड्यात ठरल्याप्रमाणेच राहते.’ अशा टिपणाला ‘ठीक’ किंवा ‘नको, बोलू या’ असे एका ओळीचे उत्तर देता येते, आणि व्यग्र माणूस एका ओळीचे उत्तर देतो. किरकोळ बाबींत ‘आपली हरकत नसल्यास १५ तारखेपासून काम सुरू करते’ असे लिहिण्यातही काही वावगे नाही. मात्र साधन (प्रश्नावली, निरीक्षणतक्ता इत्यादी) बदलणे, नमुना (अभ्यासासाठी निवडलेल्या शाळा किंवा व्यक्ती) बदलणे किंवा शीर्षकाला हात लावणे यांसाठी मौनाला संमती समजू नका. फोनवर काही ठरले, तर त्याच संध्याकाळी चार ओळींत ते लिहून पाठवा. सहा महिन्यांनी ‘मी असे सांगितले नव्हते’ हा प्रसंग उद्भवला, तर त्या चार ओळी दोघांचीही लाज राखतात.

यानंतरही काही हलले नाही, तर संशोधन सल्लागार समिती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार संशोधकाने प्रत्येक सत्रात या समितीपुढे सादरीकरण करून प्रगतीचा संक्षिप्त अहवाल द्यायचा असतो. पुष्कळ संशोधक ही बैठक एक औपचारिकता समजून दहा स्लाइड दाखवून मोकळे होतात. आपण त्या अहवालात ‘अभिप्रायाच्या प्रतीक्षेत असलेले भाग’ असा एक साधा परिच्छेद तारखांसह घाला आणि तो समितीपुढे ठेवण्याआधी सरांना दाखवा. तक्रारीचा एकही शब्द न लिहिता वस्तुस्थिती कागदावर येते, आणि सरांना आधीच दाखवल्यामुळे त्यांना पाठीमागून काही केल्यासारखे वाटत नाही. प्रवेशापासून कमाल ६ वर्षे, पुनर्नोंदणी करून आणखी २ आणि महिला संशोधकांना त्यावर २ वर्षांची सवलत, असा काळ आपल्या हाती आहे; तो दुसऱ्याच्या मौनात घालवणे हा विनय नव्हे.

प्रश्न : मी मालवण आणि देवगड तालुक्यांतील मच्छीमार वाड्यांमधील पालकांच्या शालेय सहभागावर संशोधन करीत आहे. शाळेत गेले की मुख्याध्यापक मला तपासणीला आलेली व्यक्ती समजून सगळे ‘उत्तम चालले आहे’ असे सांगतात. पालक तर प्रश्नावली हातात घेऊन गप्प बसतात. शिक्षण हा विषय सर्वांच्या जिव्हाळ्याचा असूनही कोणी बोलत का नाही?

उत्तर : ज्या शाळेत वर्षभर कोणी ना कोणी माहिती मागायला येते, तेथे माहिती मागणारा प्रत्येक माणूस तपासनीसच दिसतो. आपण गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन गेला असाल, आणि ती घ्यावीच लागते, तर त्या पत्राने शाळेचे दार उघडते परंतु मुख्याध्यापकांचे तोंड बंद होते. म्हणून पहिल्या भेटीत पत्र दाखवून लगेच पिशवीत ठेवा, वही उघडू नका, आणि तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा : शाळेचे नाव प्रबंधात येणार नाही, वरच्या कार्यालयाला यातील काहीही स्वतंत्रपणे कळवले जाणार नाही, आणि अभ्यास पूर्ण झाल्यावर मी परत येऊन काय आढळले ते सांगेन. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वेळा मोडली जाणारी आहे.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. माझ्या स्वतःच्या प्रबंधासाठी मी अनेक शाळांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या, पदवी मिळाली, पेढे वाटले आणि पुन्हा त्यांपैकी एकाही शाळेत पाऊल ठेवले नाही. काही वर्षांनी माझ्या एका विद्यार्थिनीसोबत त्याच भागात गेले असता एका निवृत्तीला आलेल्या मुख्याध्यापकांनी अगदी शांतपणे विचारले, “बाई, तुमच्या त्या कागदांचा पुढे काय झाला?” माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्या विद्यार्थिनीला त्या शाळेत नंतर जी थंड वागणूक मिळाली तिचे कारण ती विद्यार्थिनी नव्हती, मी होते. आपल्या आधी त्या वाडीत कोण येऊन गेले आणि काय आश्वासन देऊन गेले, हे आवर्जून विचारा. कदाचित त्या मौनाचे कर्ज दुसऱ्याच कोणीतरी करून ठेवलेले असेल.

आता पालकांविषयी. आपण त्यांच्याकडे कधी गेला होता? शाळेच्या वेळापत्रकावरून भेटी ठरवल्या असतील, तर त्या चुकीच्या ठरल्या असणार. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, आणि जाळे विणता विणता माणूस निवांत बोलतो. तेच जुलैमध्ये आपण आतल्या भातशेतीच्या वाडीत गेलात, तर लावणीच्या दिवसांत आपल्याशी बोलायला कोणी बांधावर येणार नाही. गणपती आणि शिमगा या काळात घरे माणसांनी भरलेली असतात, मुंबईहून आलेले चाकरमानी उत्साहाने मुलाखत देतात, परंतु रोज मुलाला शाळेत पाठवणारी आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. मासळी विकणाऱ्या आईला गाठायचे तर बाजार उठल्यावर, तिची टोपली रिकामी झाल्यानंतर. आपल्या आराखड्यातील ‘माहिती संकलनाचा कालावधी’ ही ओळ अशा पंचांगावरून लिहिली गेली पाहिजे, आणि हे संशोधन सल्लागार समितीला पटवून देणे हेदेखील आपलेच काम आहे.

भाषेचेही तसेच. प्रश्नावलीत ‘पाल्याच्या शैक्षणिक प्रगतीबाबत आपण शिक्षकांशी किती वारंवार संवाद साधता?’ असा प्रश्न असेल, तर माणूस गप्प बसेल नाही तर काय करील! तोच प्रश्न मालवणीत, मुलाच्या नावासकट, तोंडी विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रमाण मराठीत त्याचे रूपांतर करण्याचे कष्ट आपण घ्यायचे, त्यांनी नव्हे. आपण स्वतः मालवणी बोलत असूनही संशोधक म्हणून वाडीत शिरताच पुस्तकी मराठीवर जात असाल (हे मी पुष्कळांत पाहिले आहे), तर ते अंतर आपणच निर्माण केले आहे.

एक सूचना. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर त्या असतातच. त्या समितीच्या बैठकीला मुख्याध्यापकांच्या अनुमतीने केवळ ऐकायला बसा. कोण बोलते, कोण सही करून निघून जाते आणि कोणाच्या बोलण्यावर विषय बदलला जातो, हे दोन बैठकांत जितके कळेल तितके शंभर प्रश्नावल्यांतून कळणार नाही. आपला विषय पालकांचा सहभाग असल्याने हा तर आपल्या अभ्यासाचा गाभाच ठरेल. आणि निष्कर्ष परत न्यायची वेळ येईल तेव्हा त्याच बैठकीत, दोन पानांत, तक्त्यांशिवाय न्या.

प्रश्न : नेतृत्वाच्या सिद्धान्तांचे वाचन केल्याने प्रत्यक्ष नेतृत्व सुधारते का? की प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा? (एक संशोधक, चिपळूण)

उत्तर : जेम्स मॅग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली परिवर्तनवादी नेतृत्वाची (नेता आणि अनुयायी एकमेकांना अधिक उंच ध्येयाकडे नेतात, ही) कल्पना किंवा नेतृत्व हे एका व्यक्तीत नसून अनेकांच्या परस्परव्यवहारात वाटलेले असते असे सांगणारी जेम्स स्पिलेन यांची मांडणी आपण वाचलीच पाहिजे, प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात त्यांचा उपयोग होईल. शिक्षकांच्या खोलीत मात्र कोणी बर्न्स यांना ओळखत नाही. तेथे, केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एखाद्या सहकाऱ्याचा चांगला उपक्रम त्याच्याच नावाने सर्वांपुढे मांडायची सवय आपल्याला आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. प्रमाणपत्राविषयी माझे मत प्रतिकूल आहे, परंतु रजा शिल्लक असेल तर अवश्य करा.

प्रश्न : माझी मौखिक परीक्षा जवळ आली आहे. प्रबंध मराठीत आहे, तरीही परीक्षक इंग्रजीत प्रश्न विचारतील अशी भीती वाटते. शिवाय बोलताना माझ्या मराठीत मालवणी हेल येतो आणि त्यावर एका चर्चासत्रात हसे झाले होते. आत्मविश्वास कसा आणावा? (वेंगुर्ला)

उत्तर : हेल जाणार नाही आणि तो घालवण्याच्या खटाटोपात आपले निम्मे लक्ष खर्च होईल, म्हणून तो विषय येथेच सोडून देऊ. त्या दिवशी हसणाऱ्यांना आपल्या निष्कर्षांत खोट काढता आली असती, तर ते हेलावर गेले नसते.

इंग्रजीत प्रश्न आला, तर तो आपल्या शब्दांत मराठीत पुन्हा मांडा : ‘आपण नमुना निवडीच्या निकषांविषयी विचारत आहात, असे मी समजते.’ यामुळे प्रश्न नीट समजल्याची खात्री होते, विचार करायला चार क्षण मिळतात आणि संभाषण आपोआप प्रबंधाच्या भाषेत येते. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या माहितीत नाही, त्यावर ‘हा भाग माझ्या अभ्यासाच्या मर्यादेबाहेर ठेवला होता, कारण…’ असे म्हणण्यास संकोचू नका. मात्र कारण खरे असले पाहिजे. माझ्या पाहण्यात आलेल्या फसलेल्या मौखिक परीक्षांत उमेदवाराला येत नव्हते असे क्वचितच घडले. येत नसलेले तो झाकत होता, आणि परीक्षकांनी ते झाकण उचलायचे ठरवले.

सरावासाठी एक चांगली चाल आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली, तिच्यात पीएच.डी. करणाऱ्याने आपले संपूर्ण संशोधन तीन मिनिटांत, एकाच स्लाइडच्या आधारे, त्या विषयातील तज्ज्ञ नसलेल्या श्रोत्यांना सांगायचे असते. आपल्याला स्पर्धेची गरज नाही, घड्याळ पुरेसे आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सहकारी शिक्षकांना दहा मिनिटे थांबवा, चहा सांगा आणि तीन मिनिटांत सांगा : काय प्रश्न पडला होता, तो शोधायला काय केले, काय सापडले. पहिल्या वेळी आपण साधनाची विश्वसनीयता सांगण्यातच अडीच मिनिटे घालवाल. दुसऱ्या शनिवारी ते कमी होईल. घरी सासूबाईंना किंवा वडिलांना त्याच गोष्टी मालवणीत सांगून पाहा. ज्या वाक्याशी आपल्याला मालवणीत अडखळायला होते, त्या वाक्यातील कल्पना आपल्यालाच पुरती स्पष्ट झालेली नसते, असे मी वारंवार पाहिले आहे.

श्रोत्यांनी विचारलेला पहिला प्रश्न त्याच दिवशी लिहून ठेवा. तीन-चार शनिवारांत असे आठ-दहा प्रश्न जमतील, आणि मौखिक परीक्षेत त्यांतील निदान दोन-तीन थोड्या जड शब्दांत पुन्हा समोर येतील.