केनाईवरचा सॅल्मन, गाईड आणि माझा साडू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अलास्कात गाईडसोबत सॅल्मन पकडायच्या लॉजचं चार दिवसांचं पॅकेज घेताय, काय अपेक्षा ठेवावी, मासे नक्की मिळतात का, आणि 'आपल्याकडे रावस पकडतात तसंच असतं ना?'

शेवटचं आधी घेतो, कारण ते वाचून चहा गार झाला माझा. नाही. रावसाचा आणि सॅल्मनचा काडीचा संबंध नाही. हॉटेलवाले मेनूवर 'इंडियन सॅल्मन' छापतात म्हणून रावस त्यांच्या घराण्यात जात नाही. रावसाचं मांस पांढरं, गळ्यापाशी दोन्ही बाजूंना चार-चार सुटे दोरे, राहणार समुद्रात नाहीतर खाडीच्या तोंडाशी. सॅल्मन जन्मतो गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला फिरून नदीत येतो. अलास्कात त्याच्या पाच जाती मिळतात, किंग, सॉकआय, कोहो, पिंक, चम, आणि पाचही जाती अंडी घातली की मरतात. चवीला रावस उजवा. यावर मी वाद घालणार नाही.

मी ठाण्याचा, चेंदणी कोळीवाड्यातला. आई पाटी घेऊन बाजारात बसायची, बापूस खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा. मला त्याने पागाला हात लावू दिला नाही. शिक आणि नोकरीला लाग, एवढंच. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागल्यावर म्हावरं तसंही आटलंच. मी वीज खात्यात बिलं काढत चौतीस वर्षं काढली. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की माझ्या साडूला वाटतं कोळ्याचं पोर आईच्या पोटातूनच गळ टाकून येतं. मला पोहायलासुद्धा विसाव्या वर्षी आलं, तेही तरणतलावात.

साडू सिअ‍ॅटलला असतो. 2023 च्या जुलैत आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा त्याने परस्पर तीन दिवसांचं गाईडसकट बुकिंग करून टाकलं, केनाई नदीवर. अँकरेजपर्यंत विमान, पुढे सोल्डोट्ना गावापर्यंत तीन तास गाडी. फोनवर आईला सांगितलं तर ती भडकली. नारळी पुनवेच्या आधी म्हावरं मारायला निघालास? आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी असते आणि यांचा हंगाम नेमका तेव्हाच भरात. तिला म्हटलं, नदी आहे गं, दर्या नाही. ती म्हणाली, पोटात गाबोळी असते ना?

असते गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. पण ते पुढे.

पहिली अपेक्षा अशी ठेवा की पत्रकावर ज्याचा फोटो आहे तो मासा तुम्हाला पकडता येईलच असं नाही. सगळ्या जाहिरातींत किंग. जगातला गळावर पकडलेला सगळ्यात मोठा किंग याच केनाईतला, 1985 चा, 97 पौंड 4 औंस, म्हणजे 44 किलो. सोल्डोट्नाला पर्यटकांच्या कचेरीत तो लावून ठेवलाय. त्याच्यासमोर उभं राहून आम्ही फोटो काढला आणि बाहेर आल्यावर कळलं की किंग कमी येतात म्हणून त्या हंगामात केनाईवर तो धरायलाच बंदी आहे. साडूला हे माहीत नव्हतं. बुकिंग त्याचं होतं. पैसे भरण्याआधी कुठला मासा धरायला परवानगी आहे आणि तुमच्या तारखांना कुठला वर चढतो, हे दोन प्रश्न विचारा. जुलैच्या उत्तरार्धात केनाईवर सॉकआय. कोहो हवा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर.

सॉकआय गळाला लागतो तो भुकेने नाही. नदीत शिरला की तो खाणं सोडतो. म्हणजे आमिष लावून बसलात तर बसूनच राहाल. शिसं लावलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा, वाहू द्यायचा, शेवटी काठी सपकन आडवी ओढायची. वर चढणारा मासा तोंड उघडझाप करत असतो, तंगूस त्या तोंडातून सरकतो आणि गळ जबड्याला बसतो. दिवसातून हजार वेळा तीच हालचाल. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना खांदा आठवण करून देतो.

आणि आत खोल जाऊ नका. गाईडने पहिलं वाक्य हेच सांगितलं. पंचविशीचा पोरगा, बोलायला कमी. सॉकआय काठाला धरून चढतो, धार कमी असते तिथून. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात गेलात तर मासे तुमच्या पाठीमागून जाणार. साडू दहा वर्षं तिकडे राहतो, त्याला कोण सांगणार! गेला छातीपर्यंत. गाईडने त्याला कॉलरला धरून मागे आणलं. पाणी हिमनदीचं, रंगाला सुरेख निळं-हिरवं आणि इतकं गार की रबरी विजारीतूनही पोटऱ्या बधिर होतात. काठावर माणसाला माणूस लागून उभा. मला संध्याकाळी सहाचा ठाणे स्टेशनचा फलाट आठवला, फरक एवढाच की इथे प्रत्येकाच्या हातात गळ. कोणाला मासा लागला की तो ओरडतो आणि आजूबाजूचे आपापला तंगूस गुंडाळून घेतात. न गुंडाळणाऱ्याला शिव्या मिळतात. शिव्या इंग्रजीत असल्या तरी कळतात.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी साडूला तीन मासे मिळाले. माणशी मर्यादा रोज तीनची, म्हणजे त्याचा कोटा नऊच्या आत पूर्ण. तो दगडावर बसून सँडविच खात माझ्यावर टीका करायला मोकळा. 'कोळीवाड्याची अब्रू गेली' वगैरे. साडेदहाच्या सुमाराला माझी काठी वाकली. वाकली म्हणजे पार पाण्याला टेकली. रील ओरडतेय, तंगूस सुटतोय, मी काठाकाठाने पळतोय, गाईड माझ्या पट्ट्याला धरून मागे. बारा-पंधरा मिनिटं. शेवटी आणला. पायाशी आला, चांदीसारखा, मी त्याच्यावर हात ठेवला. या हाताने.

गाईड वाकला आणि म्हणाला, सोडायचा. गळ तोंडात नव्हता, पाठीवरच्या पराखाली बसला होता. अलास्कात गोड्या पाण्याचा नियम आहे: तोंडाशिवाय दुसरीकडे कुठेही गळ लागलेला मासा ताबडतोब सोडायचा. वर उचलू पण देईना. पकडीने गळ काढला, शेपटी हलली, गेला. साडूने सँडविच खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी तीन–शून्य. पुढल्या दोन दिवसांत मला दोन आणि तीन मिळाले, साडूला एक आणि दोन. सगळे तोंडात गळ लागलेले. एकूण सहा–पाच. आणि तेव्हापासून प्रत्येक साखरपुड्याला, प्रत्येक गणपतीला व्हिडिओ कॉलवर हा माणूस 'सहा–पाच' सांगतो. माझं म्हणणं साधं आहे. मासे किती मारले हे मोजायचं असेल तर सहा–पाच. किती पकडले हे मोजायचं असेल तर सहा–सहा. जो पायाशी आणला, ज्याला हात लावला, तो पकडला. सोडला तो कायद्याने सोडावा लागला म्हणून. माझा बापूस लहान म्हावरं पागातून परत पाण्यात टाकायचा, ते त्याने पकडलंच नव्हतं का?

तर, गाईडचं. गाईड म्हणजे नदी ओळखणारा भाड्याने घेतलेला माणूस. तुमचे पैसे त्याचेच असतात, लॉजच्या गाद्यांचे नाही. तो सांगेल तिथे उभं राहायचं, तो म्हणेल तो सोडायचा. तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी 'पैसे देऊन मासे हातात देतात, त्यात कसलं कौशल्य' असं लिहिलंय. त्यांनी एक दिवस ती काठी धरून दाखवावी. टीप पॅकेजमध्ये नसते, दहा ते वीस टक्के धरतात. साफ करणं, पॅकिंग, गोठवणं याचे पैसेही बहुतेक ठिकाणी वेगळे. परवाना प्रत्येकाचा वेगळा काढायचा, सोळाच्या आतल्या मुलांना लागत नाही. विमानाने रानात नेऊन ठेवणारे लॉज आठवड्याला माणशी हजारो डॉलर घेतात. आमचं त्यातलं नव्हतं, गाडीरस्त्यावरचं होतं, आणि पहिल्या खेपेला तेच बरं.

मासे साफ करताना मात्र मी तिथे थांबू शकलो नाही. गाईडची सुरी सुरेख चालते, दोन मिनिटांत दोन तुकड्या, काटा नाही. आणि मग डोकं, मधला काटा, लालभडक गाबोळी, सगळं नदीत! मी ओरडलोच. तीन डोकी आणि दोन गाबोळ्या मागून घेतल्या. तो माझ्याकडे अस्वलाकडे बघावं तसं बघत होता. बायकोने ठाण्याहून मसाला नेलेला, खोलीतल्या छोट्या शेगडीवर कालवण केलं. खरं सांगू? नाही जमलं. मासा इतका तेलकट की वर तवंग आला, चिंचेलाही दाद देईना. गाबोळी तेवढी तव्यावर झकास झाली. तुकड्या तांदळाचं पीठ लावून तळा, कालवणाच्या फंदात पडू नका. उरलेला मासा गोठवून पेटीतून साडूच्या फ्रीझरमध्ये गेला, माझे पाचही. वर्षभर 'आम्ही पकडलेला' म्हणून पाहुण्यांना वाढला.

कपडे एकावर एक घालता येतील असे न्या, पावसाचं जाकीट चांगलं. पाण्यावरची चकाकी मारणारा काळा चष्मा न्याच, कारण तंगूस सुटला की शिसं थेट तोंडावर येतं. डास आपल्या खाडीच्या डासांना लाजवतील असे. रात्री साडेदहालाही उजेड असतो, झोप लागत नाही.

मासे नक्की मिळतात का, तर सांगता येत नाही. मासेमारी खातं नदीत सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे हेरणारं यंत्र, लावून वर चढणारे मासे मोजतं, आणि आकडा बघून मर्यादा वाढवतं नाहीतर बंद करतं. मधल्या हंगामात गेलात तर बहुधा मिळतील. मी एकाच नदीवर, तीनच दिवस गेलोय, हेही धरून चाला.

आणि एक. तो सुटलेला मासा मी पंधरा पौंडांचा सांगतो, त्यावर साडूने शोधून काढलं की अलास्कातल्या सॉकआयचा विक्रमच 16 पौंडांचा आहे, तोही केनाईतलाच. गाईड म्हणाला होता, आडवा लागलेला मासा धारेला अंग देतो म्हणून दुपटीने जड वाटतो, आठ-नऊचा असेल. असेल. बायकोने काढलेला फोटो आहे माझ्याकडे. वर उचलू दिला नसल्यामुळे त्यात फक्त शेपटी आणि माझा डावा पंजा दिसतो. पंजा साडेसात इंचांचा आहे, मोजलाय मी. शेपटी त्याच्या बाहेर दोन्हीकडून येते.