किशोरवयीन मुले, माहेरचे घर आणि व्हॅम्पायर: कोल्हापुरात संगीत नाटक बसवणाऱ्या गटाला उत्तर

तुमच्या गटाने विचारले आहे ते थोडक्यात असे. न्यूयॉर्कमध्ये २०२६ साली रंगमंचावर आलेल्या ‘द लॉस्ट बॉइज’ या संगीतिकेवरून तुम्हाला दोन अंकी मराठी संगीत नाटक सुचले आहे. घटस्फोटानंतर दोन मुलांना घेऊन कोल्हापुरात माहेरी परतलेली आई, तिचे वृद्ध वडील, आणि थोरल्या मुलाला आपल्यात ओढणारी तरुण व्हॅम्पायरांची टोळी, एवढा आराखडा तयार आहे. आता रक्त, धूर आणि उडणे रंगमंचावर कसे दाखवावे आणि गाणी कोणत्या बाजाची ठेवावीत, हे तुम्हाला हवे आहे. तंत्राविषयी पुढे सविस्तर लिहितो. परंतु तुमच्या आराखड्यात टोळीला पाच गाणी आहेत आणि आईला एकही नाही, ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

मूळ चित्रपट १९८७ सालचा, जोएल शूमाकर यांनी दिग्दर्शित केलेला. त्यातली आई ॲरिझोनातून कॅलिफोर्नियातल्या सांता कार्ला या काल्पनिक किनारी गावी आपल्या वडिलांकडे राहायला येते. थोरला मुलगा मोटारसायकलींवर हिंडणाऱ्या टोळीच्या नादी लागतो, नकळत रक्त पितो आणि अर्धा व्हॅम्पायर होतो. पहिला बळी घेईपर्यंत त्याला परतीची वाट मोकळी असते. शेवटी उलगडते ते असे की, टोळीचा खरा प्रमुख म्हणजे आईशी अतिशय सभ्यपणे ओळख वाढवणारा दुकानदार आहे, आणि त्याला आपल्या पोरांसाठी आई हवी आहे. या एका गोष्टीमुळे ही कथा निव्वळ भीतीच्या कथांपासून वेगळी होते. राक्षसाला जे हवे आहे तेच या मोडक्या घरापाशी आहे, आणि घराला जे कमी पडते आहे, म्हणजे कर्ता पुरुष, पैसा, संरक्षण, ते राक्षस देऊ करतो आहे. ही देवाणघेवाण आईच्या बाजूने ऐकू आली नाही, तर प्रेक्षकाला टोळीतले तरुण देखणे वाटतील आणि घर कंटाळवाणे वाटेल. मग थोरला परत येतो तेव्हा तो कशासाठी परत आला, हे कोणालाच कळणार नाही.

चित्रपटाची पात्रे, प्रसंग किंवा संवाद मात्र घेऊ नका. रूपांतरासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागते, आणि नावे बदलल्याने ती गरज संपत नाही. माहेरी परतलेली आई, वयात येणारा मुलगा, रक्त पिणारी टोळी या कल्पना कोणाच्याही मालकीच्या नाहीत. त्या घेऊन स्वतःचे कथानक बांधा. तसे करण्यात तुमचा तोटा नाही, कारण या विषयाला कोल्हापूर जे देऊ शकते ते कोणत्याही समुद्रकिनाऱ्यापाशी नाही.

ते म्हणजे तालीम, कुस्तीचा आखाडा. इथे पेठेतला मुलगा वयात येताना घराबाहेर कोणाचा तरी होतो. तो तालमीचा होतो, मंडळाचा होतो, वस्तादाचा होतो. बाहेरून आलेल्या मुलाला नेमके हेच नसते. पुण्याहून आलेला तुमचा थोरला रंकाळ्याच्या कठड्यावर एकटा बसला आहे आणि ज्यांच्याकडे गाड्या, गाणी आणि रात्र आहे अशी मुले त्याला हाक मारतात, हा प्रसंग कोल्हापूरकर प्रेक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही. आजोबांना निवृत्त शिक्षक करण्याऐवजी जुने वस्ताद करा. मग नाटक ‘घर विरुद्ध टोळी’ एवढे सरळ राहणार नाही. मुलांना आपल्याकडे बोलावणारी दोन वडीलधारी माणसे त्यात समोरासमोर येतील. एक पहाटे उठवून माती अंगाला लावायला सांगतो, खाण्यापिण्याला बंधने घालतो आणि मूल मोठे होऊन आपल्या हाताखालून निघून जाईल हे मान्य करतो. दुसरा, म्हणजे टोळीचा प्रमुख, काहीच मागत नाही, सगळे देतो, आणि मूल कधीच मोठे होऊ देत नाही. हा दुसरा माणूस पहिल्या अंकात प्रेक्षकाला मनापासून आवडला पाहिजे.

आपल्याकडच्या पिंपळावरच्या मुंजाला टोळीत आणण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. तो मी करणार नाही. मुंजा झाडाला बांधलेला असतो आणि त्याची वासना अपुरी राहिलेली असते. तो झपाटतो, पण निमंत्रण देत नाही. तुमच्या नाटकाला निवड करणारा मुलगा हवा आहे, झपाटलेला नव्हे.

निमंत्रणाचा नियम मात्र अवश्य वापरा. घरातल्या माणसाने आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही, हा त्या परंपरेतला जुना संकेत आहे, आणि मराठी घरात तो भयंकर ठरू शकतो, कारण आपल्याकडे दारात आलेल्याला बाहेर उभे ठेवण्याची रीतच नाही. आई दार उघडते, पाहुणा उंबरठ्याबाहेर थांबतो, ती “या ना, आत या” म्हणते, तो हसतो पण पाऊल उचलत नाही, आणि ती आणखी आग्रहाने म्हणते. प्रेक्षकाला नियम आधीच्या प्रवेशात धाकट्याच्या तोंडून कळलेला असावा. मग या आग्रहाचेच गाणे होऊ शकते: पहिल्यांदा निखळ आतिथ्याचे, शेवटच्या कडव्यात एकट्या बाईच्या आशेचे. तिला इतक्या दिवसांत कोणी अदबीने बोललेले नाही, हे त्या चालीत यायला हवे. आईचे हे पहिले गाणे.

दुसरे गाणे भीतीचे, आणि त्यासाठी आपल्या परंपरेकडे वळा. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे. पैशासाठी वयात येणाऱ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, हा त्याचा विषय. म्हाताऱ्याने कोवळ्या आयुष्यावर जगू पाहणे आणि घरानेच त्याला दार उघडून देणे, याची यापेक्षा धारदार मांडणी मराठी रंगभूमीवर क्वचितच झाली असेल, आणि तिथे एकही पिशाच नाही. त्यातले ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद नीट ऐका. भीती अंगावर येण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही, शब्द जागच्या जागी थिजले तरी पुरते, हे त्यात कळते. देवलांचे निधन १९१६ साली झाले असल्याने त्यांचे शब्द आज कोणालाही वापरता येतात. एखाद्या गायकाचे ध्वनिमुद्रण मात्र परवानगीशिवाय वाजवू नका. आजोबांच्या घरात हे पद कोणीतरी गुणगुणते आणि दुसऱ्या अंकात तेच आईच्या तोंडी येते, अशी योजना मला योग्य वाटेल. या पदाचे कोल्हापूरशी नातेही आहे: गायक नट केशवराव भोसले बालवयात शारदेची भूमिका करत असत. त्यांच्या नावाचे आपले नाट्यगृह शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली खुले झाले तेव्हा त्याचे नाव पॅलेस थिएटर होते, आणि ‘द लॉस्ट बॉइज’ ज्या नाट्यगृहात आले त्याचेही नाव तेच आहे.

न्यूयॉर्कच्या त्या पॅलेसमध्ये व्हॅम्पायर पूर्वीही आले होते. एल्टन जॉन यांच्या संगीताचे ‘लेस्टाट’ २००६ साली तिथे ३९ प्रयोगांत बंद पडले. त्याआधी व्हिएन्नात १९९७ साली आलेले, जिम स्टाइनमन यांच्या संगीताचे ‘टान्झ देअर व्हाम्पिरे’ युरोपात वर्षानुवर्षे चालले. पण तेच न्यूयॉर्कसाठी विनोद भरून नव्याने लिहिले गेले आणि ५६ प्रयोगांनंतर २००३ च्या जानेवारीत थांबले. तुमच्या संहितेत टोळी स्वतःच्या सुळ्यांवर कोट्या करते ते प्रवेश काढून टाका, असे मी त्यामुळेच सुचवतो. प्रेक्षकाला धाकट्या भावाच्या धडपडीवर हसू द्या, आजोबांच्या तऱ्हेवाईकपणावर हसू द्या. टोळीने मात्र स्वतःवर पूर्ण विश्वास ठेवला पाहिजे. रक्ताच्या जागी तांबडा रस्सा पाजण्याची कल्पनाही याच कारणासाठी सोडा. सभागृह हसेल, आणि ज्या क्षणी मुलगा हातचा जातो त्या क्षणी हसलेले सभागृह पुन्हा ताब्यात येणार नाही.

त्याऐवजी दूध वापरा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर काढलेले धारोष्ण दूध पिणे ही तालमीतल्या पोरांची ओळख. टोळीने थोरल्याला तसाच काठोकाठ भरलेला पेला द्यावा. पांढरी वस्तू ज्या रंगाचा उजेड पडेल त्या रंगाची दिसते. पेल्यावर एकच अरुंद स्पॉट ठेवा, त्याला गडद लाल जिलेटीन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद, लावा, आणि साधा पांढरा स्पॉट डिमरवर हळूहळू उतरवत लाल चढवा. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर दूध रक्त होईल. मात्र रंगमंचावर इतरत्र थोडा पांढरा उजेड राहू द्या, नाहीतर सगळेच लाल दिसेल आणि पेल्याचा परिणाम जाईल. दूध प्यायल्यावर घशात दाटपणा राहतो आणि आवाज मोकळा लागत नाही, म्हणून या प्रवेशानंतर लगेच त्या मुलाला गाणे देऊ नका. पहिला अंक इथेच संपवणे सोयीचे आहे.

इतर ठिकाणचे रक्त साखरेच्या घट्ट पाकात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको मिसळून करा. रात्रीसाठी तुम्ही निळा उजेड योजला आहे, त्यात लाल रंग काळा दिसतो हे लक्षात घ्या. जखमेवर पिवळसर उजेडाचा एक कवडसा हवा.

उडण्यासाठी दोऱ्या आणि पट्ट्यांचा विचार सोडून द्या. प्रशिक्षित माणूस आणि तपासलेला आधार असल्याशिवाय मुलांना छताला टांगणे हा धोका आहे. कोल्हापुरात त्याचे उत्तम उत्तर म्हणजे मल्लखांब. जड बैठकीत पक्का बसवलेल्या खांबावर पायांची अढी घालून उलटी लटकलेली मुले वटवाघळांसारखी दिसतील, आणि ते दृश्य कोणत्याही यंत्राविना खरे असेल. त्यासाठी काही पथ्ये आहेत: मल्लखांब करणारी मुलेच घ्या, त्यांचे प्रशिक्षक विंगेत असावेत, खाली गाद्या असाव्यात. पकड उघड्या कातडीची असते, तेव्हा जाकीट आणि जीनचा तुमचा पोशाख या मुलांना चालणार नाही. त्यांना तालमीतल्याच वेषात दाखवा, कदाचित ते अधिक अस्वस्थ करणारे ठरेल. उलटे लटकून कोणी गाणार नाही. त्या वेळी गाणे खालच्या मुलांकडे ठेवा. धुराच्या यंत्राने जमीन निसरडी होऊ शकते, म्हणून या प्रवेशात धूर नको. कोरडा बर्फ वापरलात तर त्याचा वायू हवेपेक्षा जड असून खाली साठतो. मेलेली पात्रे जमिनीवर पडली असताना तो मुळीच सोडू नका. आणि उघडी आग रंगमंचावर कुठेही नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपण आपले नाट्यगृह जळताना पाहिले आहे. मशाली दिव्यांनी दाखवता येतात.

संगीताविषयी तुम्हाला संकोच वाटतो आहे की गिटार आणि ड्रम घेतले तर ते ‘संगीत नाटक’ राहील का. कोल्हापूरच्याच गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली ‘संगीत मानापमान’च्या चालींत ठुमरी-कजरीचे उत्तरेकडचे ढंग आणले, आज त्या चाली आपल्याला परंपरा वाटतात. टोळीसाठी गिटार जरूर घ्या, पण तालासाठी हलगी-घुमके ठेवा. कातड्याची हलगी शेकावी लागते, ते सभागृहाबाहेर करा किंवा फायबरची हलगी वापरा. घराची गाणी पेटी आणि तबल्यावर, कमी वाद्यांत ठेवा. थोरल्याचे शेवटचे गाणे टोळीच्या तालावर सुरू होऊन पेटीवर आले, तर त्याचे परतणे शब्दांत सांगावे लागणार नाही.

तुमची मुले पंधरा-सोळा वर्षांची आहेत, काहींचा आवाज अजून फुटतो आहे. त्यांना काळी चारच्या जुन्या, उंच पट्टीत गायला लावू नका. प्रत्येकाचा सहज लागणारा पल्ला तपासा, एका सप्तकाच्या आत चाली बांधा, आणि नाटक उभे राहण्याच्या सुमारास पट्टी पुन्हा एकदा तपासा, कारण या वयात दोन महिन्यांत आवाज खाली उतरलेला असू शकतो.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे प्रमाणपत्रासाठी पाठवताना सगळी पदे त्यात लिहिलेली असावीत. म्हणून ती पाठवण्याआधी आईची दोन्ही गाणी पूर्ण करा, त्यांना जागा करण्यासाठी टोळीची दोन कमी करा, आणि नवा मसुदा तयार झाला की इथे टाका. उंबरठ्याचा प्रवेश मी सर्वांत आधी वाचेन.