अ‍ॅव्हरेज नेमकं कोणाचं? डिझेल-बक्षिसाबद्दल तुमचे प्रश्न

ट्रकच्या डिझेलचा हिशेब तपासणं आणि ड्रायव्हरांना गाडी कमी डिझेलमध्ये चालवायला शिकवणं हे माझं काम. त्यामुळे बक्षीस-योजनांबद्दलची पत्रं सतत येतात आणि बहुतेकांत गोंधळ एकच असतो. बक्षीस लावलं की अ‍ॅव्हरेज वाढतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अ‍ॅव्हरेज किती ड्रायव्हरच्या पायामुळे, किती मालामुळे, किती चढामुळे आणि किती मालकाच्या वर्कशॉपमुळे, हे मात्र कोणी वेगळं काढलेलं नसतं. म्हणून या वेळी काही पत्रांना एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : आमच्या १४ गाड्या आहेत. वाचलेल्या डिझेलचा किती वाटा ड्रायव्हरला द्यावा? ओळखीचे एक मालक म्हणतात, निम्मा दिल्याशिवाय कोणी मनावर घेत नाही.

ओळखीचे मालक काय म्हणतात ते बाजूला ठेवा. वाटा किती, हा शेवटचा प्रश्न आहे. योजना जाहीर करण्याआधीच्या निदान तीन महिन्यांचा, गाडीवार आणि मार्गवार हिशेब तुमच्याकडे लिहिलेला आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर वाचलं किती हेच कळणार नाही, मग वाटा कशातून काढणार?

हिशेब तयार झाला की सूत्र असं ठेवा, जे ड्रायव्हरला स्वतःच्या वहीत पडताळता येईल : वाचलेले लिटर गुणिले आधी सांगितलेला दर. ज्याला मालकाचं गणित कळत नाही, तो बक्षिसाला लॉटरी समजतो आणि पाय होता तसाच ठेवतो. बक्षीस पगारात धरायचं की वेगळं दाखवायचं, त्यावर कर कसा लागतो, हे कर सल्लागाराला विचारल्याशिवाय एक शब्दही जाहीर करू नका.

प्रश्न : अ‍ॅव्हरेज काढायची खात्रीची पद्धत कोणती?

गाडी सपाट जागेवर उभी करून दर वेळी टाकी काठोकाठ भरायची आणि महिन्याच्या एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागायचं. एका भरण्यावरून कोणाला शाबासकी देऊ नका, कोणाला बोलूही नका. डिझेल तापलं की फुगतं. तापमानात १५ अंशांचा फरक असेल तर ३०० लिटरमागे साडेतीन लिटरहून जास्त तफावत नुसती त्यातूनच येते.

प्रश्न : मी ड्रायव्हर आहे. आमच्याकडे महिन्यात सगळ्यात जास्त अ‍ॅव्हरेज काढणाऱ्याला बक्षीस मिळतं. माझी गाडी जुनी, कायम भरलेली, रस्ता चढाचा. ज्याला दर महिन्याला बक्षीस मिळतं तो सपाट रस्त्यावर चालतो आणि परतीला रिकामा येतो. मी काय करू?

तुमची तक्रार रास्त आहे आणि ती तुम्हाला आकड्यांनी मांडता येईल. समजा, दोघांचेही १०,००० किलोमीटर झाले. तुम्ही अ‍ॅव्हरेज ३ वरून ३.५ वर नेलं, तर डिझेल ३,३३३ लिटरवरून २,८५७ वर आलं, म्हणजे ४७६ लिटर वाचले. त्याने ५ वरून ५.५ वर नेलं, तर २,००० चे १,८१८ झाले, म्हणजे १८२ लिटर. दोघांची वाढ अर्ध्या किलोमीटरचीच, पण तुमच्यामुळे अडीचपटीहून जास्त डिझेल वाचलं. बक्षीस त्याला! लिटरमागे किलोमीटर हा आकडा असा फसवतो. म्हणून १०० किलोमीटरला किती लिटर लागलं ते मोजावं आणि प्रत्येकाची तुलना त्याच गाडीच्या, त्याच मार्गाच्या, साधारण तेवढ्याच मालाच्या जुन्या हिशेबाशी करावी.

एकालाच बक्षीस देण्याचा आणखी एक तोटा मी वारंवार पाहिला आहे. चांगला ड्रायव्हर आपली युक्ती दुसऱ्याला सांगेनासा होतो. कोणत्या वळणाआधी पाय काढायचा, कुठल्या चढाला गिअर कधी पाडायचा, हे ज्ञान गाडीच्या पुस्तिकेत नसतं, ड्रायव्हरांच्या गप्पांत असतं. ते आटलं की मालकाचंच नुकसान. दोनचार सहकाऱ्यांना बरोबर घ्या, हा हिशेब कागदावर मांडा आणि सुपरवायझरसमोर बसून मालकांशी बोला. एकट्याने भांडायला जाऊ नका.

प्रश्न : डिझेलच्या पाइपवर बसवायचं चुंबक विकणारे येतात. म्हणतात, ड्रायव्हरांना बक्षिसं वाटण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. घ्यावं का?

घेऊ नका. इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तपासली आहेत. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही त्यांना सापडलं नाही. विक्रेता जी 'आधी आणि नंतर'ची फेरी करून दाखवतो, तिच्यात ड्रायव्हरला माहीत असतं की आज मोजणार आहेत, आणि पाय आपोआप हलका पडतो. कमाई ड्रायव्हरची, पैसे विक्रेत्याला. तरीही मोह होत असेल, तर असं काही बसवल्यावर वॉरंटी राहते का हे गाडीच्या कंपनीकडून आधी लेखी घ्या.

प्रश्न : गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवलं तर किती डिझेल जातं?

मोठ्या ट्रकचं तासाला साधारण २ ते ३ लिटर.

प्रश्न : सकाळी इंजिन पंधरा मिनिटं गरम करावं का?

नाही. ट्रकचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात; ती हवा भरेपर्यंतचा वेळ बहुतेक वेळा पुरतो, नंतर काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा. कडाक्याच्या थंडीत चालवत असाल तर गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते पाळा.

प्रश्न : वर्षभरापूर्वी आम्ही नियम केला : अ‍ॅव्हरेज ४ च्या खाली गेलं की जास्तीच्या डिझेलचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापायचे. अ‍ॅव्हरेज सुधारलं. मात्र ब्रेक लायनर (चाकाच्या ड्रमवर आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे) आता पूर्वीच्या निम्म्या काळात संपतात, दोन ड्रमही तडकले. लायनरची कंपनी बदलावी का?

लायनरची कंपनी बदलू नका. पगारकापणी आजच थांबवा.

हे पत्र वाचून मी अस्वस्थ झालो. गाड्या प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण अ‍ॅव्हरेज वाढलंय, लायनर उडतायत आणि ड्रम तडकतायत, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझा पहिला संशय एकच असतो : तुमचे ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतायत. कदाचित कोणी इंजिनही बंद करत असेल. त्यांना पगार वाचवायचा आहे, आणि 'न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं' ही ऐकीव गोष्ट प्रत्येक ढाब्यावर आणि प्रत्येक पार्किंगमध्ये फिरत असते.

ती चूक आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर डिझेल देणं बंद करतात. त्या वेळचा खर्च शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या बळावर चालू राहावं लागतं, म्हणजे डिझेल लागतंच. ज्या उतारावर वेग आवरावा लागतो, तिथे न्यूट्रलने थेंबही वाचत नाही. काही नव्या गाड्यांत सौम्य उतारावर गिअर आपोआप सुटण्याची सोय असते, पण तिथे उतार, वेग आणि ब्रेक पाहून गाडीची यंत्रणा निर्णय घेते. हाताने गिअर काढणं म्हणजे ती सोय नव्हे.

आता ब्रेकचं काय होतं ते पाहा. ४० टनांची गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, ती सुमारे साडेपाच लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेइतकी असते. त्यातला थोडा भाग हवा आणि टायर खातात. उरलेला एक तर इंजिन, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग आवरणारा) आणि रिटार्डर (लायनर न घासता वेग आवरणारं यंत्र) मिळून घेतात, नाही तर तो सगळा ब्रेकच्या ड्रमांत जातो. न्यूट्रलमध्ये इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक चाकांपासून तुटलेले असतात. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब जातो, घर्षण घटतं, आणि पेडल दाबलेलं असूनही गाडी थांबत नाही. त्या वेगात पुन्हा गिअर पडत नाही. इंजिन बंद असेल तर हवेचा कॉम्प्रेसरही बंद, मग ब्रेकच्या प्रत्येक दाबासरशी हवेच्या टाकीतली हवा कमी होत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. तुमचे तडकलेले ड्रम ही सूचना आहे. उतारावर पुढे एखादी शाळेची बस असेल, त्या दिवशी अशी सूचना मिळणार नाही.

कापणीचा दोष इतकाच नाही. बक्षीस हुकलं तर माणूस हळहळतो. पगार कापला तर घर चालवण्यासाठी वाट्टेल ते करतो : पदरचं डिझेल टाकतो, मीटरशी खेळतो, गिअर काढतो. तुमच्या कागदावरचं अ‍ॅव्हरेज त्यामुळे सुंदर दिसतं. तो शिकत काहीच नाही, लपवायला मात्र शिकतो. आणि ४ हा आकडा आला कुठून? माल दीडपट झाला, पावसाळा आला, टायर झिजले, एखादा इंजेक्टर गळू लागला, तरी आकडा ४ च? सगळ्या टायरांत १० पीएसआय हवा कमी असेल तर साधारण एक टक्का डिझेल जास्त जातं. तो टक्का ड्रायव्हरच्या पगारातून का जावा, जर हवा भरायचा पंपच तुमच्या आवारात बंद पडलेला असेल?

बक्षीस त्याच्या हातापायात असलेल्या गोष्टींना द्या : इंजिनचे फेरे मीटरवरच्या हिरव्या, म्हणजे कमी डिझेलच्या पट्ट्यात किती वेळ राहिले, जोरदार ब्रेक किती वेळा मारले, ठरलेला वेग किती वेळा ओलांडला, विनाकारण इंजिन किती वेळ चालू ठेवलं. नव्या गाड्यांच्या संगणकातून हे सगळं काढता येतं. सुरक्षिततेची अट त्याच्या आधी ठेवा. न्यूट्रलमध्ये उतार उतरल्याची एक नोंद सापडली की त्या महिन्याचं बक्षीस नाही, मग अ‍ॅव्हरेज कितीही असो.

या आठवड्यात तीन माणसांना भेटा. सर्व गाड्यांचे ब्रेक कंपनीने प्रशिक्षण दिलेल्या तंत्रज्ञाकडून उघडून तपासून घ्या. एक अनुभवी प्रशिक्षक प्रत्येक ड्रायव्हरबरोबर केबिनमध्ये एक फेरी बसवा. आणि कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा, कारण वेतनातून अशी कपात करण्यावर अनेक देशांत बंधनं आहेत. पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

प्रश्न : माझे पती ट्रक चालवतात. डिझेलच्या बक्षिसासाठी भर उन्हात एसी बंद ठेवतात. वेळेआधी पोहोचल्याचंही वेगळं बक्षीस आहे, म्हणून विश्रांती टाळतात. घरी आल्यावर बोलता बोलता झोप लागते, खूप घोरतात. त्यांना कसं समजवू?

ताई, समजवायचं आहे ते त्यांच्या मालकांना. एक बक्षीस हळू चालवा म्हणतं, दुसरं पळवा म्हणतं. ८० ऐवजी ९० च्या वेगाने गेलं की हवेचा विरोध सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो, आणि ४०० किलोमीटरमध्ये वाचतात जेमतेम ३३ मिनिटं. तेवढ्या मिनिटांपायी एसी बंद, झोप बंद! युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीत असा नियम आहे की अंतरावर किंवा मालावर ठरणारा मोबदला रस्त्यावरच्या सुरक्षिततेला धोका आणत असेल तर तो देता येत नाही. एसीला लागणारं डिझेल वेगाच्या खर्चापुढे लहान आहे. उकाड्यात शिणलेल्या माणसाचा अंदाज चुकतो, हे त्यांना माझं नाव घेऊन सांगा.

घोरणं आणि बोलता बोलता झोप लागणं मात्र मी पत्रावरून सोडून देणार नाही. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो. पुढच्या फेरीआधी त्यांना डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : बक्षीस तीन महिन्यांनी, सगळा हिशेब जुळल्यावर दिलं तर चालेल?

नाही. आजच्या हलक्या पायाचं फळ तीन महिन्यांनी मिळालं तर ते कशाचं, हे कोणाला आठवणार? दर महिन्याला द्या, आणि आकडे दर आठवड्याला सांगा. हिशेब जुळायला तीन महिने लागत असतील तर चांगला हिशेबनीस शोधा.

प्रश्न : कमी अ‍ॅव्हरेजवाल्यांची नावं बोर्डावर लावावीत का? बक्षिसाला पैसे नाहीत.

नावं लावू नका. प्रत्येकाला त्याचे आकडे एकट्याला दाखवा आणि त्याला जमेल असं लक्ष्य ठरवून द्या. २०१४ मध्ये व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीच्या ३३५ कॅप्टनांबरोबर असा प्रयोग झाला होता. काहींना फक्त स्वतःच्या इंधनबचतीचा अहवाल, काहींना अहवाल आणि लक्ष्य, तर काहींना लक्ष्य गाठल्यावर त्यांच्या नावे देणगी. लक्ष्य दिल्याने कामगिरी सुधारली. देणगी जोडल्याने बचतीत आणखी भर पडली नाही. आपलं काम कोणी मोजतंय हे कळल्यावर ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यातही सुधारणा दिसली.

ट्रक म्हणजे विमान नव्हे, तेव्हा आधी चारपाच गाड्यांवर तीन महिने करून पाहा. आणि ज्याचे आकडे खालचे येतील, त्याला बोलावण्याआधी त्याची गाडी मेकॅनिकला दाखवा : एअर फिल्टर, टायरची हवा, ब्रेक घासतोय का.