ह्यांच्या ताटावर पहारा किती दिवस देऊ?

प्रश्न: ताई, आमच्या ह्यांना (वय ५४) चार वर्षांपूर्वी शुगर निघाली. गोळी चालू आहे, तरी यावेळी एचबीएवनसी (सरासरी शुगरची रक्ततपासणी) ८.४ आली. मी घरातली साखर बंद केली, गूळ आणला, भात बंद केला. तर परवा कपडे धुवायला घेतले आणि शर्टाच्या खिशात बाकरवडीचा चुरा! विचारलं तर म्हणे मित्राने दिली. आता आमचं बोलणं म्हणजे फक्त जेवणावरून कटकट. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: चुऱ्याचं वाचून हसू आलं, सॉरी. पण तुम्ही पहारा देताय म्हणून ते लपवतायत, आणि लपवून खाल्लेलं ना तुम्हाला कळतं ना डॉक्टरांना.

आधी गुळाचं. गूळ पण साखरच हो, शुगर जवळपास तेवढीच वाढते. आणि भात बंद करून तीन-चार भाकऱ्या होत असतील तर फायदा काय? आपल्याकडे पानात पहिला वरणभात पडतो ना, तो शेवटी घ्या, छोटी मूद. आधी कोशिंबीर, उसळ, मग भाकरी. नुसता क्रम बदलला तरी जेवणानंतरची शुगर बऱ्याच जणांची कमी चढते, आणि हे ताट घरात सगळ्यांना सारखंच वाढा, त्यांचं एकट्याचं पथ्याचं ताट नको.

मग ग्लुकोमीटर त्यांच्याच हातात द्या. एका रविवारी नेहमीचे पोहे, खायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा शुगर बघायची. पुढच्या रविवारी निम्मे पोहे आणि वाटीभर मटकीची उसळ, परत तसंच. आकडे त्यांनीच वहीत लिहायचे आणि तुम्ही (हे अवघड आहे, माहितीये) एक शब्द बोलायचा नाही. दोन तासांनंतरचा आकडा साधारण १८० च्या आत हवा असतो, पण त्यांच्यासाठी किती ते डॉक्टरांना विचारा.

नंतर त्यांनाच विचारा, यातलं काय कमी करायला जमेल? एकच गोष्ट. कदाचित ते स्वतःच टपरीवरच्या चहाचं काढतील, कारण चार कप आणि कपाला दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम साखर तिथेच झाली आणि तुम्ही घरात बरण्या रिकाम्या करत बसलात! एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांचा हिशोब दाखवते, त्यामुळे पंधरा दिवसांत परत टेस्ट करून भांडू नका.

आणि एक, जेवण कमी करण्याआधी गोळी कुठली आहे ते डॉक्टरांना दाखवाच. काही गोळ्यांवर खाणं घटलं तर शुगर ७० च्या खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. म्हणजे थोडी साखर घरात लागणारच, तेवढी परत आणून ठेवा.

बाकरवडी? कधीतरी दोन, ताटलीत, सगळ्यांसमोर बसून. खिसा तरी स्वच्छ राहील.