‘पुट अप’ म्हणजे मंजूर नव्हे

बेळगावजवळच्या खानापूरच्या ताई, मुलीच्या दाखल्याच्या अर्जावर ‘हॅज बीन पुट अप टू द कॉम्पिटंट अथॉरिटी’ असं उत्तर आलंय, शब्दकोशात मात्र उभारणे, टांगणे, सोसणे असले अर्थ दिसतात, मग काम झालं का, असं तुम्ही विचारलंय. झालेलं नाही. कागद साहेबांपुढे ठेवलाय, सही व्हायचीय.

इतकं ठासून सांगतोय, कारण माझ्या बहिणीच्या दाखल्याला हेच वाक्य आलं होतं. कचेरीचं नाव घेत नाही. मराठीत विचारलं तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, ‘पुट अप आगेद री,’ म्हणजे कानडीत ‘पुट अप झालंय हो.’ झालंय म्हटल्यावर कोण थांबेल? एक झेरॉक्स कमी म्हणून साहेबांनी फाईल परत खाली पाठवली होती, आणि आम्हाला कुणी कळवलं नाही. प्रवेशाची तारीख गेली, पोरीचं वर्ष गेलं. ‘अजून सही नाही’ एवढं सांगायला काय जात होतं? त्याचा राग आजही आहे.

मी इंग्रजीचा मास्तर नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीचा एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघतो, तेवढ्यावर बोलतोय. फाईल ‘पुट अप’ करणं ही आपल्याकडच्या सरकारी इंग्रजीची रीत. परदेशी गिऱ्हाईक ‘पुट अप द प्राइस’ लिहितं तेव्हा दर वाढवण्याबद्दल बोलत असतं, आणि ‘वी कॅनॉट पुट अप विथ धिस डिले’ म्हणजे हा उशीर खपवून घेणार नाही. मागे ‘विथ’ आला की सोसणंच. एरवी गल्लीत गणपतीचा मंडप पुट अप करतात, घर ‘पुट अप फॉर सेल’ असतं, पुण्याला परीक्षेला गेलेल्या पोराला मावशी रात्रीपुरती पुट अप करते. ‘हू पुट यू अप टू धिस?’ म्हणजे तुला ही फूस कुणी लावली?

माझ्या मते अर्थांची यादी पाठ करण्यात राम नाही. आपल्या ‘लागणे’चं बघा की: भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, स्टँडवर बस लागते आणि चोर्ला घाटात बस लागतेसुद्धा. तिथे आपण अडतो का? तसंच इथेही मंडप आहे, दर आहे की पाहुणा, ते आधी बघायचं. ‘इट’ मात्र मध्ये घाला: ‘पुट इट अप’. ‘पुट अप विथ इट’ तेवढं तुटत नाही.

आता तुमच्या अर्जाचं. कर्नाटकचा 2011 चा ‘सकाला’ कायदा आहे, सरकारी सेवा ठरल्या मुदतीत देण्याचा; त्यात तुमचा दाखला येत असेल, तर पावतीवर जीएससी नंबर असतो, त्यावरून अर्ज कुठे अडकलाय ते कळतं. सगळ्या सेवा त्यात नाहीत, तेव्हा विचारून घ्या. आणि खिडकीवर ‘पुट अप झालं का’ विचारूच नका. ‘सही आतेन री?’, म्हणजे ‘सही झाली का हो?’, असं विचारा, आणि नाही म्हणाले तर कुठला कागद कमी आहे ते तिथेच पावतीच्या मागे लिहून घ्या.