अमेरिकेत जाऊन पॉइंट टू-टू रायफल जुळवायची म्हणतोस? आधी व्हिसा बघ

तुझ्या लांबलचक पत्राचा सारांश असा: मेकॅनिकल करून बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूम सांभाळतोस, अमेरिकेतल्या नोकरीची, एच-वन-बी व्हिशावरची ऑफर आली आहे, कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू डिलक्स (०.२२ इंची नळीची रायफल) हातात घेतलीस तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आणि आता कुठंतरी पाहिलंस की अमेरिकेत रुगर कंपनीच्या टेन-ट्वेंटीटू रायफलीचे सुटे भाग घेऊन घरच्या टेबलावर रायफल जुळवता येते. ते जमेल का, बेळगावहून काही पार्ट करून आणावेत का, आणि पुढं कधी परतलास तर ती खानापूरला शेतावर नेता येईल का, हे तीन प्रश्न. काका म्हणालास म्हणून एकेरीतच लिहितो. मी मूळचा शहापूरचा, आता बरीच वर्षं पिट्सबर्गजवळ.

जुळवणीचं काही अवघड नाही, तुला तर मुळीच नाही. अवघड आहे ते कागदाचं. नोकरीचा एच-वन-बी, शिक्षणाचा एफ-वन, कामानिमित्त भेटीचा बी-वन हे सगळे अमेरिकेच्या हिशेबात तात्पुरते व्हिसे. या व्हिशावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. नुसतं विकत घ्यायला नव्हे, बाळगायलाही. हा फरक नीट समजून घे, कारण आपली पोरं नेमकी इथंच फसतात. ऑफिसातला एखादा गोरा मित्र शनिवारी म्हणतो, चल रेंजवर, माझीच रायफल आहे, तू फक्त दोन मॅगझिन मार. तो बिचारा प्रेमानंच बोलावतो, त्याला तुझ्या व्हिशाचा नियम ठाऊक नसतो. पण त्याची रायफल तुझ्या हातात आली की कायद्याच्या भाषेत ती तुझ्या ताब्यात आली. रेंजवर भाड्यानं मिळणाऱ्या बंदुकीचंही तेच. वर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास तर पुरावाही तूच दिलास. या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२ पासून १५ वर्षं आहे, आणि बंदुकीचा गुन्हा देशाबाहेर काढायलाही पुरतो. इथल्या नागरिकाला वकील करून निस्तरता येतं, तुझं मात्र नोकरी, घर, पोरांची शाळा सगळं एका फटक्यात जातं.

यातून एक सरळ वाट आहे, कायद्यातच लिहिलेली. अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर ही बंदी लागू होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष ससा मारायलाच पाहिजे असं नाही, तू माळकरी घरातला आहेस म्हणून मुद्दाम सांगतो. आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करायचा, परीक्षा द्यायची, मग लायसन्स. आमच्या पेनसिल्व्हेनियात ते १ जुलै ते ३० जून चालतं. ३० जूनला संपलं आणि तू जुलैच्या गडबडीत नवं घ्यायला विसरलास, तर कपाटातली रायफल तितके दिवस बेकायदा. ग्रीन कार्ड आलं की ही भानगड मिटते, पण आपल्या लोकांची ती रांग सौंदत्तीच्या जत्रेतल्या रांगेहून लांब आहे, तेव्हा त्या भरवशावर बसू नकोस. आणि इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारल्याशिवाय लायसन्सच्या वाटेनंही जाऊ नकोस. त्याची फी रायफलीपेक्षा जास्त होईल, होऊ दे.

आता रायफलीकडं वळू. टेन-ट्वेंटीटू १९६४ पासून बाजारात आहे. पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर दाबाला एक गोळी आणि पुढची आपोआप भरली जाते. तिची रचना इतकी सुटसुटीत की तिच्याभोवती सुट्या भागांचा एक वेगळा धंदाच उभा राहिलाय. पण कायद्याच्या दृष्टीनं रायफल म्हणजे फक्त रिसीव्हर, ज्यात बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) पुढं-मागं सरकतो आणि ज्यावर नंबर कोरलेला असतो तो ॲल्युमिनियमचा ठोकळा. नळी, बोल्ट, ट्रिगर, लाकूड (दस्ता) हे बहुतेक राज्यांत कुरिअरनं घरपोच येतं. रिसीव्हर मात्र लायसन्सवाल्या डीलरकडंच येणार. तिथं तू बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरायचा, त्यात व्हिशाचा प्रश्न आहे आणि सवलत कशाच्या आधारे मागतोस तेही. शिकारीचं लायसन्स आणि आय-नाइन्टीफोरचा (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा) नंबर तिथं लागतो. मग पार्श्वभूमीची तपासणी. वय २१ पूर्ण पाहिजे, कारण नुसता रिसीव्हर डीलर त्याखालच्या गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही. अर्धवट घडवलेला ठोकळा घेऊन घरी मशिनिंग करायची कल्पना तुझ्यासारख्या टूलरूमवाल्याला सुचणारच. डोक्यातून काढून टाक. व्हिशावरच्या माणसानं नंबर नसलेल्या हत्याराच्या आसपासही फिरू नये.

भाग निवडताना एकेक भाग भारी घेण्यापेक्षा ते एकमेकांशी जुळतात का ते बघ. जाड नळी ०.९२० इंचाची असते, ती कारखान्याच्या सडपातळ लाकडात बसत नाही, म्हणजे लाकूडही बदललं. नळी १६ इंचांपेक्षा आखूड नको, तो वेगळाच कायदा. चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, अगदी घट्ट, स्पर्धेच्या मॅच प्रकारचं घेतलंस तर स्वस्त काडतुसं अडकणार. सुरुवातीला बेंट्झ नावाच्या मापाचं चेंबर बरं, ते अचूकही आहे आणि फार नखरे करत नाही.

नळी बसवण्याची पद्धत मला फार आवडते. तिला आटे नाहीत. तिचं मागचं टोक रिसीव्हरच्या भोकात सरकतं आणि खालून एक इंग्रजी व्हीच्या आकाराचा ठोकळा (व्ही-ब्लॉक) दोन ॲलन स्क्रूंनी तिला मागं ओढून धरतो. स्क्रू आळीपाळीनं, थोडे-थोडे आवळायचे. आटे ॲल्युमिनियमचे आहेत, उद्यमबागेतला पाना मारायचा जोर इथं लावलास तर आटे सरळ हातात येतील. सैल बसलेली नळी पुढून किंचित झुकते आणि घट्ट असेल तर हातोडी उचलायचा मोह होतो. दोन्ही वेळा थांबायचं आणि गनस्मिथकडं जायचं. बोल्ट आणि नळी वेगवेगळ्या ठिकाणची असली की हेडस्पेसही (काडतुसाच्या कडेसाठी दोघांत उरणारी जागा) त्याच्याकडून गेजनं तपासून घ्यायची. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर काडतुसात भडका उडवणारं रसायन काडतुसाच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळं ती कड बोल्ट आणि नळीच्या मध्ये किती जागेत बसते यावर तुझ्या डोळ्यांची सुरक्षितता अवलंबून आहे.

ट्रिगर तयार घे. दोन पिनांवर अख्खा संच बसतो. सियर, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत आतली हातोडी अडवून धरणारा खटका, घासून ट्रिगर हलका करणारे महाभाग भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. एका दाबात दोन गोळ्या सुटल्या तर आधी जीव धोक्यात आणि मग कायद्यानं ती मशीनगन. जुळवून झालं की आधी डमी काडतुसांनी सगळं चालवून बघ. मग रेंजवर जाऊन मॅगझिनमध्ये एकच गोळी, मग दोन, मगच पुढं.

पैशाचंही सांगतो. कारखान्याची साधी कार्बाइन ३०० ते ४०० डॉलरच्या आसपास मिळते. सुटे भाग घेऊन जुळवलेली सहज दुप्पट जाते. तेव्हा बचत म्हणून हे करू नकोस, मजा म्हणून कर. खरं तर तयार घेऊन हळूहळू एकेक भाग बदलणारा माणूस मला जास्त शहाणा वाटतो. आणि भाग बदलण्याआधी काडतुसं बदलून बघ. ४० ग्रेन वजनाच्या गोळीची, सेकंदाला साधारण १०७० फूट वेगाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी घे, आवाजाच्या वेगाखाली राहते आणि ५० यार्डांवर गोळ्यांचा गट आवळून येतो. एका रायफलीला एक डबा आवडतो, दुसरीला दुसराच.

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, तेव्हापासून कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात हा नाद वाढलाय हे माझ्याही कानावर आहे. काडतूस तेच, पण ती रायफल हातानं बोल्ट ओढायची, एकेक गोळीची. तसल्या स्पर्धेत उतरायचं असेल तर टेन-ट्वेंटीटूवर पैसे घालू नकोस.

दुसरा प्रश्न वाचून मात्र मी खुर्चीतून उठलो. व्ही-ब्लॉक आणि स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) पट्टी उद्यमबागेत मिलिंगवर काढून बॅगेत टाकतो म्हणतोस! भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. लायसन्स नसताना बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. नुसती ॲल्युमिनियमची पट्टी आहे हो साहेब, हे ठाण्यात आणि विमानतळावर कोणी ऐकून घेणार नाही. तुझ्या बॅगेत रायफलीशी संबंध असलेलं काही नको. एनसीसीत उचललेली रिकामी पुंगळी आठवण म्हणून ठेवली असशील तर तीही घरीच ठेव.

तिसऱ्याचं उत्तर एका शब्दात, नाही. अमेरिकेतून बाहेर काढायला निर्यातीचा परवाना, भारतात आणायला आयातीचा, वर तुझ्या नावावर शस्त्राचं लायसन्स. कोडगूच्या (कूर्गच्या) कोडवा लोकांना परंपरेनं लायसन्समधून सूट आहे, ती खानापूरकरांना नाही. रानडुकरांचा त्रास मला माहीत आहे, पण त्यासाठी पीक-संरक्षणाचा परवाना मागायचा तो तिथल्या कचेरीत, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची तयारी ठेवायची. शिवाय पॉइंट टू-टूनं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन अंगावर येतं.

पहिल्या वर्षी एअर रायफल घे. केंद्रीय कायद्यात ती बंदूक धरत नाहीत, म्हणून व्हिसा आड येत नाही, आणि श्वास, बोट, नेम सगळं तिच्यावरच पक्कं होतं. फक्त न्यू जर्सीत नोकरी असेल तर तीही घेऊ नकोस, तिथं एअर गनही बंदुकीतच मोजतात. इलिनॉयला गेलास तर वेगळं ओळखपत्र लागतं, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कचे नियम आणखी कडक. ऑफर कुठल्या राज्यातली आहे ते तू लिहिलंच नाहीस. तेवढं कळव, म्हणजे तिथल्या शिकारीच्या कोर्सचं बघून सांगतो.