कॅसिनो कंपनीचा लॉबिंगवरील खर्च

प्रश्न : अमेरिकेतील कॅसिनो कंपन्या संघीय पातळीवर लॉबिंगसाठी मोठा खर्च करतात, असे वाचले. हा पैसा खासदारांना मिळतो का आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो?

उत्तर : नाही. हा पैसा कंपनीची बाजू मांडणाऱ्या लॉबिस्टांच्या पगारावर व बाहेरच्या संस्थांच्या शुल्कावर खर्च होतो; निवडणूक देणग्यांचा हिशेब वेगळा असतो. १९९५ च्या कायद्यानुसार ही माहिती सिनेट व प्रतिनिधीगृहाच्या कार्यालयांकडे द्यावी लागते आणि २००७ च्या दुरुस्तीपासून ती दर तिमाहीला दिली जाते. अहवालात रक्कम दहा हजार डॉलरच्या पटीत असते, जुगारासाठी ‘जीएएम’ हा संकेत असतो, विधेयकांची नावेही असतात. मात्र नेमक्या कोणत्या खासदाराची भेट घेतली, हे सांगावे लागत नाही, आणि माझ्या मते ही गंभीर उणीव आहे. कंपनीच्या आकड्यात बाहेरच्या संस्थेचे शुल्क धरलेले असते, म्हणून त्या संस्थेने स्वतंत्रपणे दाखवलेली रक्कम त्यात पुन्हा मिळवू नये.

लास वेगास सँड्स या कॅसिनो कंपनीचे उदाहरण बोलके आहे. तारेवरून, म्हणजे फोनसारख्या माध्यमांतून, राज्याबाहेर सट्टा घेण्यास मनाई करणारा १९६१ चा वायर कायदा केवळ क्रीडासट्ट्याला लागू होतो, असे मत अमेरिकेच्या न्याय विभागाने २०११ मध्ये जाहीर केल्यावर राज्यांना ऑनलाइन जुगाराची वाट मोकळी झाली. कंपनीचे प्रमुख शेल्डन अ‍ॅडेल्सन यांचा त्याला कडवा विरोध होता. बंदी परत आणणारे विधेयक २०१४ मध्ये मांडले गेले, त्यासाठी कंपनीने लॉबिंग केले, तरीही ते मंजूर झाले नाही.